देवीला दुसऱ्यांदा विचारलं

आमच्या भागात देवाशी बोलणं एकतर्फी नसतं. माणूस विचारतो आणि देव सांगतो, असा सगळ्यांचा पक्का समज आहे. माझाही आहे. फक्त तो कशातून सांगतो याबद्दल घरोघर मतं वेगळी. कुणी मूर्तीला पाकळ्या चिकटवून कौल लावतं, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कुणाला स्वप्नात दृष्टांत होतो. नवरात्रात एखाद्या बाईच्या अंगात येतं आणि एरवी तिला हिंग लावून न विचारणारी सासू तिच्यापुढं हात जोडून बसते. तुळजापूर आम्हाला काही लांब नाही. तिथं भवानीच्या देवळात चिंतामणी नावाचा गोल दगड आहे. त्यावर दोन्ही हात ठेवायचे आणि मनात प्रश्न धरायचा. दगड उजवीकडं फिरला तर काम होणार, डावीकडं फिरला तर नाही, जागचा हललाच नाही तर उशिरानं होणार. शिवाजी महाराज मोहिमेआधी याच दगडावर कौल घेत, असं तिथं सांगतात. महाराजांचं माहीत नाही, पण आज त्या दगडापुढं उभी राहणारी निम्मी माणसं उत्तर घरूनच ठरवून आलेली असतात. मी त्यांतलाच.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. गणित आणि विज्ञान शिकवायचो. गाव अंबाजोगाई तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात; नोकरीची बरीच वर्षं धारूर तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांवर गेली. विज्ञानाचा मास्तर कौल लावतो याचं कुणाला नवल वाटलं नाही, मलाही नाही. उलट देवाच्या खुणा आपल्याला बरोबर उमगतात, असा माझा थोडा तोराच होता. बोलताना पाल चुकचुकली, बाहेर निघताना भरली घागर समोर आली, पोराच्या निकालादिवशी देवावरचं फूल पडलं, की मी लगेच अर्थ लावून मोकळा. बरोबर निघालेले अंदाज चारचौघांत सांगायचो. चुकलेले कुणाला सांगत नव्हतो आणि हळूहळू स्वतःलाही सांगेनासा झालो. हे सगळं किरकोळ. २०१६ साली मात्र या तोऱ्याची किंमत मोजावी लागली.

त्याआधीचे दोन पावसाळे कोरडे गेले होते. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पहिली गाडी १२ एप्रिलला पोचली, ती टीव्हीवर सगळ्यांनी पाहिली. लातूरची तहान भागवणारं मांजरा धरण आमच्याच जिल्ह्यात, केज तालुक्यात धनेगावला आहे. धरणाचाच तळ उघडा पडला होता, तिथं आमच्या डोंगरातल्या विहिरींची काय कथा. माझी मोसंबीची बाग होती, वडिलांनी लावलेली. पाणी कमी पडायला लागलं की मोसंबीची पानं दुपारी वळतात आणि संध्याकाळी सरळ होतात. मार्चपर्यंत तसं होत होतं. एप्रिलात संध्याकाळीही ती वळलेलीच राहू लागली. टँकर परवडत नव्हता. बोअर घ्यायचं मी मनात पक्कं केलं आणि मग देवाला विचारायला गेलो. चूक या क्रमात होती, पण तो क्रम तेव्हा मला दिसला नाही.

आधी पाणाड्या बोलावला. मोटारसायकलवर आला, पायताण बांधावर काढलं, तळहातावर नारळ आडवा ठेवला आणि बागेतून सावकाश चालू लागला. मी मागं. बांधाच्या कडेला आमचा म्हसोबाचा शेंदरी दगड आहे. त्याच्यापासून थोड्या अंतरावर नारळ हातावर ताडकन उभा राहिला. पाणाड्या म्हणाला, "दीडशे-दोनशे फुटांवर झरा, खाली अजून एक. दोन-अडीच इंच पाणी सोडणार नाही." मला त्या आकड्यांपेक्षा म्हसोबा महत्त्वाचा वाटला. एवढ्या मोठ्या शेतात नारळ नेमका देवाजवळच उभा राहतो, हा योगायोग कसा असेल! आता कळतं की पाणाड्यालाही म्हसोबा दिसत होताच की.

नारळाचं गणित मला ठाऊक नव्हतं असं नाही. तळहात किंचित कलला, बोटं जरा आवळली, की नारळ उठतो, आणि धरणाऱ्याला आपण काही केलं असं वाटतही नाही. तो लबाड असतोच असं नाही, तो स्वतःही थक्क होतो. मायकेल फॅरेडेनं १८५३ साली हेच दाखवलं होतं. तेव्हा इंग्लंडात टेबलाभोवती बसून हात टेकवायचे आणि आत्मा टेबल फिरवतो म्हणायचं, असं वेड शिगेला पोचलं होतं. फॅरेडेनं हात आणि टेबल यांच्यामध्ये पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक, सैल चिकटवून ठेवले. टेबल आधी सरकलं असतं तर खालचा पुठ्ठा जास्त सरकला असता. सरकला वरचा. म्हणजे हातच टेबलाला ढकलत होते आणि बसणाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता. हा प्रयोग मी विज्ञान दिनाला पोरांना सांगितलेला. पोरांना सांगितलेलं सगळं मास्तर घरी नेतोच असं नाही.

मग गावातल्या लक्ष्मीआईला कौल लावला. गुरवानं मूर्तीच्या दोन्ही बाजूंना झेंडूच्या पाकळ्या पाण्यानं चिकटवल्या. मी हात जोडून विचारलं, म्हसोबाजवळ बोअर घेऊ का. बराच वेळ काही हललं नाही. मग डावी पाकळी घसरली, देवीच्या गुडघ्यावर अडकली आणि खाली पडली. गुरव म्हणाला, "मास्तर, डावा हाय. आज राहू द्या."

मी राहू दिलं नाही. मी म्हटलं, आपला प्रश्न नीट नव्हता. 'म्हसोबाजवळ' म्हटल्यानं दोन देवांचा मान आडवा आला असेल. गुरवाकडून पुन्हा पाकळ्या लावून घेतल्या आणि विचारलं, "माझ्या शेतात पाणी आहे का?" उजवी पडली. पाकळी ओली असते, कधीतरी एक पडणारच. पण त्या दिवशी मला गहिवरून आलं. गुरव काही बोलला नाही, त्यानं अंगारा दिला. दक्षिणेत मी नेहमीपेक्षा जास्त पैसे टाकले हे लक्षात आहे.

बोअरची गाडी तमिळनाडू पासिंगची, तसल्या गाड्या उन्हाळ्यात आमच्याकडं गावोगाव फिरत असतात. रात्री काम सुरू झालं. आवाज असा की शेजारच्या वस्तीवरची कुत्रीही भुंकायची थांबली. आधी मुरूम, त्यात केसिंग उतरवलं, मग तांबडा थर, मग करडी भुकटी. वीस-वीस फुटांचे रॉड एकामागून एक आत जात होते. दीडशेच्या पुढं भुकटी ओलसर आली. मी ती मुठीत दाबून पाहिली, तिचा गोळा झाला. तिथंच देवीच्या नावानं नारळ फोडला. गाडीवरचा माणूस मोडक्या हिंदीत म्हणाला, "साहब, ये पानी नहीं, पसीना है।" पण त्यालाही पुढं रॉड घालायचेच होते, आणि खोली वाढली की फुटाचा भावही वाढतो. पुढं काळा पाषाण लागला, अखंड. भुकटी पुन्हा कोरडी झाली, पांढरी धूळ बागेवर बसली. उजाडायच्या सुमाराला गाडी थांबवली. मोसंबीची पानं पीठ चाळल्यासारखी दिसत होती.

इथं थांबलो असतो तर हा लेख अर्धाच झाला असता. मी काय केलं? मी म्हटलं, देव परीक्षा घेतोय. भक्ताला पहिल्याच घासाला देत नाही. आमच्या सगळ्या संतचरित्रांत तेच आहे, नाही का? मग दुसरी जागा, दुसरा पाणाड्या, आणि बायकोच्या पाटल्या सोनाराकडं. पतसंस्थेचं कर्ज होतंच. दुसऱ्या बोअरलाही धूळच निघाली. देव 'हो' म्हणाला तर हो, 'नाही' म्हणाला तर परीक्षा, काहीच बोलला नाही तर 'धीर धर'. असा माणूस कुणाचं काही ऐकू शकत नाही, देवाचं तर नाहीच. हे मला तेव्हा एका माणसानं तोंडावर सांगितलं. बायकोनं. दुसऱ्या बोअरची गाडी बांधावरून निघून गेल्यावर ती म्हणाली, "लक्ष्मीआईनं पहिल्यांदाच नाही म्हणून सांगितलं होतं की. तुम्हीच दुसऱ्यांदा विचारलं." तिचा कौलावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास, म्हणून तिनं पहिलं उत्तर मानलं. माझा विश्वास फक्त उजव्या पाकळीवर होता.

त्याच उन्हाळ्यात पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा पहिल्यांदा झाली. राज्यातले तीनच तालुके घेतले होते, वरूड, कोरेगाव आणि आमचा अंबाजोगाई. भल्या पहाटे माणसं टिकाव-घमेली घेऊन माळावर चर खोदायला जात. आमच्या गावातली पोरंही जात होती. मला दोनदा बोलवायला आली, मी नुसती मान हलवली. आमच्या शेताखाली राहणारा एक म्हातारा धनगर, अक्षरशत्रू, त्याच दिवसांत बांधावर आला आणि म्हणाला, "मास्तर, तुमच्या हिरीत निम्म्यापातूर गाळ हाय. आधी तो काढा. वरल्या नाल्याला बांध घाला. तुमच्या आज्यानं हीर उगंच तिथं खांदली नव्हती." मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. त्याच्या हातात नारळ नव्हता ना.

भूगोल त्याच्या बाजूनं होता. आपल्याकडचा दगड म्हणजे लाव्हाचे थरावर थर. पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि झिजलेल्या, भेगाळलेल्या थरात. खाली अखंड पाषाण लागला की पुढची भेग मिळणं हे निव्वळ नशीब. त्यामुळं आमच्यासारख्या गावात पावसाचं पाणी माळावर अडवणं आणि जुनी विहीर मोकळी ठेवणं याला पर्याय फारसा नाही. शेतीसाठी ६० मीटरच्या, म्हणजे साधारण दोनशे फुटांच्या खाली जायला २००९च्या भूजल कायद्यानंच बंधन घातलं आहे. मी त्याच्या किती खाली गेलो होतो ते इथं लिहीत नाही.

त्या वर्षी सप्टेंबरात पाऊस धो-धो आला. मांजरा भरलं. माळावरच्या चरांत पाणी साचलं, आमच्या विहिरीत मात्र गाळावर उभं राहिलं आणि लवकर खाली गेलं. गाळ मी पुढच्या उन्हाळ्यात काढला. तोवर बाग वाळली होती. झाडं तोडून सरपण केलं, मोसंबीचं लाकूड चांगलं जळतं.

तो धनगर म्हणजे देवच होता, असं आता मी म्हणणार नाही. म्हटलं तर गोष्टीला शोभा येईल, पण तो एक शहाणा माणूस होता आणि त्यानं शहाणपणाची गोष्ट सांगितली, एवढंच खरं. मला त्यातून एक मात्र दिसलं. नारळ, उजवी पाकळी, म्हसोबा या सगळ्यांनी मला जे हवं होतं तेच सांगितलं आणि त्या बदल्यात फक्त पैसे मागितले. धनगरानं अंगमेहनत मागितली आणि वर गावातल्या पोरांबरोबर घमेलं उचलायला लावलं असतं. सेवानिवृत्तीला आलेल्या मास्तराला ते कमीपणाचं वाटलं.

आता दुसरी गोष्ट. ती आधी घडली, पण तिचा अर्थ मला नंतर लागला, आणि ती लिहायला मला जास्त जड जातं.

२०११चं नवरात्र. मी धारूर तालुक्यातल्या एका वस्तीवर नोकरीला होतो, घरही तिथंच केलं होतं. त्या भागातली निम्मी वस्ती दसरा-दिवाळीला ऊसतोडीला निघते. मुकादमाची उचल उन्हाळ्यातच घेतलेली असते, ती फेडायला सहा महिने कारखान्यावर कोपीत राहायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. लेकरं बरोबर नेली की शाळा संपली, म्हणून गावातच हंगामी वसतिगृह चालतं. आई-बाप गेले तरी लेकरू आजी-आजोबांकडं राहतं, शाळेत जेवतं. त्यासाठी आधी यादी करावी लागते. त्या वर्षी यादी माझ्याकडं होती.

मी घट बसवले होते आणि रोज सप्तशतीचा पाठ करत होतो. पाठ चालू असताना बोलायचं नाही, आसनावरून उठायचं नाही, असा माझा नेम. त्या वर्षी देवीनं काहीतरी सांगावं, दृष्टांत द्यावा, अशी मनात इच्छा होती. बदलीचा प्रश्न होता, दुसरं काही नाही. आठव्या माळेला संध्याकाळी एक म्हातारी ओट्यावर आली. तिची नात माझ्याच शाळेत, पाचवीला. म्हणाली, "मास्तर, पोरीचं नाव घाला वसतिगृहात. माय-बाप तिला न्यायचं म्हणतेत, धाकटं लेकरू सांभाळाया. दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी गाडी हाय." मी पोथीवरून नजर न उचलता हात वर केला, 'थांब, नंतर' अशा अर्थानं. ती पायरीवर बसून राहिली. आरती झाली, तिनं प्रसाद घेतला, देवीला पाया पडली आणि गेली.

माझ्या हाताचा अर्थ तिनं 'झालं, घातलं नाव' असा लावला. घरी तसं सांगितलं. मी मात्र पाठाच्या नादात आणि नंतर दसऱ्याच्या गडबडीत ते विसरलो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी यादी वाचली तेव्हा पोरीचं नाव नव्हतं. ट्रक उभा होता, भांडी-कुंडी, सरपण, शेळ्या चढवून झालेल्या. मुकादम घाई करत होता. नाव नाही म्हटल्यावर बापानं पोरीला उचलून वर बसवलं. मला हे दुपारी कळलं. तेव्हा मी म्हणालो, देवीच्या मनात नसेल. खरंच म्हणालो, शब्दशः.

त्या हंगामानंतर ती पोर शाळेत आली नाही. लग्न लवकर झालं. आज ती स्वतः अर्धा कोयता आहे.

अंबाजोगाईत दासोपंतांच्या समाधीला आमच्याकडचे सगळे कधी ना कधी जाऊन येतात. कापडाच्या लांबलचक पासोडीवर त्यांनी पंचीकरण लिहिलं, ती पासोडी प्रसिद्ध आहेच. १५५१ ते १६१५ हा त्यांचा काळ. त्यांची एक आख्यायिका कीर्तनात हटकून येते. दुष्काळामुळं वडिलांकडून सरकारी वसूल भरला गेला नाही, म्हणून लहानग्या दासोपंतांना बिदरला ओलीस ठेवलं. मुदत संपत आली, पैसे येईनात. शेवटच्या क्षणी दत्ताजी पाडेवार नावाचा एक साधा गावकामगार आला, त्यानं सगळी रक्कम मोजली, पोराला सोडवलं आणि निघून गेला. तो दत्त होता हे मागाहून कळलं. बागेची राखरांगोळी झाल्यावर एका सप्ताहात मी ही गोष्ट पुन्हा ऐकत होतो. एरवी अशा वेळी मी स्वतःला दासोपंतांच्या जागी ठेवून डोळे पुसत असे. त्या रात्री मला कचेरीतला कारकून दिसला. कुणीतरी असेलच ना, ज्यानं त्या पाडेवाराकडून पैसे मोजून घेतले, पावती लिहिली आणि मान वर करून त्याच्याकडं बघितलंही नाही. तो मी. आठव्या माळेला ओट्यावर म्हातारी बसली होती आणि मी पोथीत देवी शोधत होतो.

हे बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "मग त्या पोरीकडं गेलात का?" गेलो. तिच्या सासरी, पावसाळ्यात, ती गावी असताना. तिनं चहा केला. तिला मास्तर आठवत होते, यादी आठवत नव्हती. आजी वारली होती. माफी मागण्यासारखं वाक्य मी वाटेत जुळवून ठेवलं होतं, ते तिथं बोलता आलं नाही. तिच्या मुलीचं नाव शाळेत कितवीत आहे एवढं विचारून आलो. दुसरीत होती. हंगामात ती कुठं राहते, हे विचारायचं राहिलं, ते नंतर फोन करून विचारलं. आई-बापाबरोबरच जाते म्हणाली. मग तिथल्या मास्तरांना फोन केला, त्यांनी नाव घातलं. यात देवाचा संकेत वगैरे काही नाही, एक फोन होता.

मी नास्तिक झालो नाही. आठवड्याला लक्ष्मीआईला जातो, वर्षाला योगेश्वरीची ओटी भरायला बायकोबरोबर अंबाजोगाईला जातो. देव बोलतो असं मला आजही वाटतं. कौल मात्र लावत नाही. कौल लावणाऱ्यांना हसतही नाही. लावणारा पहिलं उत्तर मानणार असेल तर त्यात काय वाईट आहे? माझ्यासारख्याच्या हातात ती पाकळी देणं बरं नाही, एवढंच.

बोअर घेणाऱ्यांना सांगतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींचं पाणी वर्षातून चार वेळा मोजते, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. जिल्ह्याच्या कार्यालयात जाऊन आपल्या भागाचे आकडे विचारा, आणि आपल्या विहिरीत गाळ किती आहे ते दोर सोडून बघा. आणि धारूर, वडवणी, केज, पाटोदा, आष्टी, शिरूरकडं जे मास्तर आणि बाई आज नोकरीला आहेत त्यांना हात जोडून विनंती आहे: घट बसलेले असोत की पारायण चालू असो, दसऱ्याच्या आधी कुणी यादीत नाव घालायला दारात आलं तर पोथी मिटा, उठा आणि नाव तिच्यादेखत लिहा.